वजनाच्या ऑपरेशनआधी घरात करायची तयारी

वजन कमी करायच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की घरातल्या सगळ्यांचं लक्ष हॉस्पिटलच्या बॅगेकडे लागतं. बॅग आदल्या संध्याकाळीही भरता येते. मी आहारतज्ज्ञ आहे, वजनाच्या शस्त्रक्रियेच्या पेशंटना आधीही भेटते आणि नंतरही बरीच वर्षं भेटत राहते. मला काळजी असते ती त्यांच्या स्वयंपाकघराची, घरातल्या माणसांची आणि ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची. ऑपरेशन न करता वजन उतरवायचं ठरवलं असेल, तरी यातलं बरंचसं तुमच्याही कामाचं आहे.

कागदपत्रांपासून सुरुवात करा, कारण तिथे वेळ जातो. वजन किलोमध्ये घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. तो तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. उंची 160 सेंटिमीटर आणि वजन 90 किलो असेल तर तो 35 च्या जरा वर येतो. आपल्या आशियाई शरीरांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा 27.5 पर्यंत खाली आणली. विमा कंपनीचं गणित मात्र वेगळं आहे. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, तिच्या नियमांप्रमाणे बीएमआय 40 हवा, किंवा 35 सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असं काही तरी हवं. शिवाय आधी साध्या उपायांनी वजन उतरलं नाही हेही दाखवावं लागतं. डॉक्टर ‘करा’ म्हणाले म्हणजे विमा पैसे देईलच असं नाही. म्हणून जुन्या डाएटचे कागद, साखरेचे रिपोर्ट, झोपेची तपासणी एका फाइलमध्ये लावा, पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी पाहा आणि मंजुरी लेखी हातात आल्यावरच रजा टाका.

डॉक्टरांना सगळं सांगा, आणि सगळं म्हणजे खरंच सगळं. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की बायका ‘नाही’ म्हणतात, पण रोज सकाळी मिशरी लावतात. मिशरी म्हणजे तंबाखूच. ती, सिगारेट आणि गुटखा किमान सहा आठवडे आधी सुटायला हवेत, कारण आतले टाके त्यामुळे उशिरा भरतात. पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. हॉर्मोनच्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. मधुमेहाची काही औषधं ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवावी लागतात, रक्त पातळ करणारी गोळी, ओळखीच्या वैद्यांचा काढा, सगळं यादीत लिहा. बी-12, डी, लोह हे आधीच तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-12 बरेचदा मुळातच कमी असतं आणि ऑपरेशननंतर ते भरून काढणं अवघड जातं.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे बहुतेक ठिकाणी कमी पिष्टमय, बऱ्याच अंशी पातळ आहार देतात. लठ्ठपणात यकृतात चरबी साठते, आणि यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. या आहाराने तो आक्रसतो आणि दुर्बिणीतून काम करणाऱ्या सर्जनला जागा मिळते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आहार बदलायच्या आदल्या दिवशीच डोस विचारून घ्या, नाही तर साखर एकदम खाली जाईल. याच दिवसांत घरचे प्रेमाने ‘आता पुन्हा कधी खाणार’ म्हणत बिर्याणी, मिसळ, पुरणपोळी समोर ठेवतात. त्यांना हात जोडून थांबवा. हे सगळे पदार्थ पुढे तुमच्या आयुष्यात परत येणार आहेत, फक्त दोन-चार घासांपुरते.

आता स्वयंपाकघर. वजनाच्या शस्त्रक्रियेचे दोन नेहमीचे प्रकार, स्लीव्ह आणि जठराचा बायपास. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. बायपासमध्ये अन्नासाठी जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी उरते. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण बहुधा याहूनही लहान असतं. ते धुऊन ओट्यावर ठेवा, पहिले काही दिवस ताक, डाळीचं पाणी, नारळपाणी याच मापाने हळूहळू घ्यायचं आहे. सोबत चहाचा लहान चमचा, एक छोटी वाटी, बारीक गाळणी आणि चांगलं वाटणारा मिक्सर हवा. आधी पातळ, मग घट्टसर, मग मऊ, मग नेहमीचं अन्न, असं चार ते सहा आठवडे चालतं.

चक्का बांधायची सवय आत्तापासून लावून घ्या. रात्री दही मलमलीच्या फडक्यात बांधून नळाला टांगलं की सकाळी खाली पातेल्यात निवळ पाणी असतं आणि फडक्यात घट्ट गोळा. साखर न घालता, जिरेपूड आणि मीठ घालून तो घोटला की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोटाला झेपतो आणि प्रथिनंही देतो.

प्रथिनांचा हिशोब आधीच करून ठेवा, कारण आपल्या ताटाची गडबड तिथेच होते. दिवसाला किमान 60 ग्रॅम लागतात. 30 ग्रॅम कच्च्या तूरडाळीच्या वरणातून साडेसहा ग्रॅमच्या आसपास मिळतात. ‘आमच्याकडे रोज वरण असतंच’ हे वाक्य मी सतत ऐकते, आणि तेवढ्याने भागत नाही. अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही, दोन अंडी, 100 ग्रॅम पनीर, 30 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, अशी बेरीज केली तर साठाला टेकते. अंडं चालत नसेल तर मुगाचं धिरडं, मटकीची मऊ उसळ, पिठलं पुढे येतं. पहिल्या आठवड्यांत पोटात एवढं मावतच नाही, म्हणून प्रथिनांची पावडर लागते. दोन-तीन चवी छोट्या पाकिटांत आणून आधीच प्या. मोठा डबा आणू नका, ऑपरेशननंतर चव बदलते.

जेवणाची पद्धतही महिनाभर आधी बदला. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. ताटात आधी उसळ किंवा अंडं, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा चतकोर. घास इतका चावा की गिळताना त्याला आकार राहू नये. टीव्हीसमोर घाईने जेवणाऱ्याला हे एका दिवसात जमत नाही, म्हणून महिनाभर.

घरातल्या माणसांना एकत्र बसवून बोला, आणि जी व्यक्ती ताट वाढते तिला जवळ बसवा. सासूबाई म्हणतात, ‘अगं, चिमणीएवढं खाऊन कशी उभी राहशील?’ त्यात माया असते. त्यांना सांगा, दोन घास जास्त झाले तर उलटी होते, आग्रहाने त्रास होतो. श्रावणातले उपवास पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत आणि शेंगदाण्याच्या कुटानेही ती पुरेशी भरून निघत नाहीत. बायपासनंतर श्रीखंड, जिलेबीसारखं गोड खाल्लं तर घाम, धडधड, पोटात मुरडा, चक्कर येऊ शकते. दारू फार लवकर चढते, तीही बंदच ठेवा.

सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा आणा. मल्टिव्हिटॅमिन, बी-12, डी, लोह, कॅल्शियम ही औषधं जन्मभराची आहेत. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाची गोळी चहाबरोबर कधीच नाही. दर महिन्याला त्यांचा खर्च आहे, तो ऑपरेशनच्या खर्चाबरोबरच मांडा. दुखलं की मेडिकलमधून पेनकिलर आणायची सवय मोडा, अल्सर होतो. उलट्या थांबत नसतील तर घरी वाट पाहत बसू नका. बी-1 कमी पडून मेंदूवर आणि मज्जातंतूंवर परिणाम होतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, ते बहुधा परत येतात. गर्भधारणा 12 ते 18 महिने नको, आणि वजन उतरताच पाळी नियमित होऊन दिवस लवकर राहू शकतात, म्हणून साधन कोणतं वापरायचं ते आधीच डॉक्टरांशी ठरवा.

वजन परत येण्याबद्दल मी आधीच बोलते, कारण पेशंट स्वतःला दोष देत बसतात आणि भेटायला येणं बंद करतात. डाएटने वजन उतरलं की भूक वाढवणारी संप्रेरकं वर जातात, पोट भरल्याचं सांगणारी खाली येतात, आणि हे वर्षभरानंतरही तसंच राहतं. यात तुमच्या इच्छाशक्तीचा दोष नाही. म्हणूनच नुसत्या डाएटवर उतरलेलं वजन टिकवणं इतकं कठीण जातं. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन बंद केलेल्यांचं एका वर्षात उतरलेल्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आलं, तेव्हा इंजेक्शन घेणाऱ्यांनीही ते थांबवण्याची योजना डॉक्टरांबरोबर आखावी. स्वीडनमध्ये 1987 पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी 23 टक्के कमी होतं, वीस वर्षांनी 18 टक्के. थोडं परत आलं, पण बहुतेक टिकलं.

म्हणून वजनकाटा घ्या आणि आठवड्यातून एकच दिवस, सकाळी, जेवणाआधी वजन करून वहीत लिहा. चालायची जागा ठरवा, पावसाळ्यातली वेगळी, कारण जूनमध्ये सगळ्यांचं चालणं बंद पडतं. जिना, सोसायटीचं पार्किंग, काहीही चालेल. सर्जनची परवानगी मिळाल्यावर हलकी वजनं उचला, नाही तर चरबीबरोबर स्नायूही जातात. आणि एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सर्वांत कमी झालेल्या वजनापेक्षा तीन किलो वर गेलं आणि महिनाभर तिथेच राहिलं, तर कोणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर त्याच पानावर. घरातल्या दुसऱ्या एकालाही ते पान दाखवून ठेवा, कारण अशा वेळी फोन तुमच्याकडून होत नाही. पहिला, तिसरा, सहावा, बारावा महिना आणि मग दरवर्षी एकदा, या तपासण्यांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच टाका, आणि त्या दिवसांची रजाही.