वेफरच्या धुवणावर बुरशी: दहा लिटरची कृती

तुर्भे एमआयडीसीतल्या एका वेफरच्या कारखान्यात मी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं यंत्रणाघर, सांभाळते. चकत्या धुतलेलं पाणी दुधासारखं पांढरं असतं. घरी तांदळाचं धुवण आपण झाडांना घालतो. बटाट्याचं धुवण सरळ वाहून जातं, याचा मला फार जीव तुटतो. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकात कागद उद्योगाच्या सांडपाण्यावर बुरशी वाढवून जनावरांसाठी 'पेकिलो' नावाचं खाद्य बनवत. आपल्याला सुरुवातीला एक बादली पुरे.

पाणी स्लायसरखालूनच घ्या. कलेक्शन टँकमध्ये पडलं की त्यात तेल, धुलाईचा कॉस्टिक सोडा, फरशीचं पाणी सगळं मिसळतं. दोन तास हलवू नका. तळाशी स्टार्च बसतो, बोटानं दाबला तर करकरतो. वरचं गढूळ पाणी तेवढं काढा. पहिल्या खेपेला मी तळासकट उकळलं. त्याची खळ झाली, हवा खेळेना, दुसऱ्या दिवशी कुजका वास सुटला. सगळं फेकावं लागलं.

वरचं पाणी वीस मिनिटं उकळून, झाकून कोमट होऊ द्या. लिंबूसत्व घालत पीएच ४.५ वर आणा. इतक्या आंबटात बरेचसे जिवाणू मागे पडतात, बुरशीचं अडत नाही. मग टेम्पेच्या, म्हणजे सोयाबीन आंबवून करतात त्या इंडोनेशियन पदार्थाच्या, विरजणाचे दोन चमचे. त्यात रायझोपस बुरशी असते. शुद्ध कल्चर हवं तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहाकडे चौकशी करा. शिळ्या पावावरची बुरशी कधीच वापरू नका, तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे विष करणारी जात असू शकते.

फिशटँकचा हवेचा पंप अखंड चालू ठेवा. तापमान ३० अंशांच्या आसपास हवं, ते आपल्याकडे बहुतेक महिने आयतंच मिळतं. दीड-दोन दिवसांत भिजल्या साबुदाण्याएवढे पांढरे, मऊ गोळे तरंगू लागतात. बादलीच्या कडेला फेस चिकटतो तिथे करडं वलय उठलं तर ते रायझोपसचेच बीजाणू. हिरवा ठिपका दिसला तर मात्र अख्खी बादली टाकून द्या.

मलमलीतून गाळा, धुवा, घट्ट पिळा आणि ६० अंशांवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. हाती येते जेमतेम मूठभर पूड, पण अशा बुरशीच्या कोरड्या वजनात ४० टक्क्यांच्या पुढेही प्रथिनं असू शकतात. लॅबमधून प्रथिनं आणि अफ्लाटॉक्सिन तपासून येईपर्यंत ती मासे-कोंबड्यांनाही घालू नका. गाळलेलं पाणी ईटीपीत सोडा, त्याआधी त्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, काढा आणि सुरुवातीच्या धुवणाच्या सीओडीशेजारी लिहून ठेवा. मालकाला दाखवायला तोच कागद लागतो.