गुंडाळी झालेलं पोस्टर सपाट कसं केलं : माझा अनुभव

स्वित्झर्लंडमधल्या विलिसाऊ गावात 1975 पासून जॅझ महोत्सव भरतो. तो सुरू करणारे निक्लाउस ट्रॉक्स्लर स्वतः ग्राफिक डिझायनर, त्यामुळे सुरुवातीच्या काळातली पोस्टरंही त्यांचीच. त्यातलं एक जुनं स्क्रीनप्रिंट (जाळीतून शाई दाबून छापलेलं पोस्टर) मिळालं, पण वर्षानुवर्षं नळीत राहून इतकं आखडलेलं की उलगडलं की पुन्हा फट्‌कन गुंडाळायचं. स्विस पोस्टरचा ठरलेला आकार 90.5 × 128 सेंटिमीटर, म्हणजे अख्खं डायनिंग टेबल.

उलट्या बाजूने गुंडाळा, असा सल्ला सगळे देतात. मी ते टाळलं. स्क्रीनप्रिंटमध्ये शाईचा थर जाड असतो. कोरडा कागद उलटा वाकवला की शाईला तडे जातात. इस्त्रीचं तर नावच काढू नका!

बाथरूमची फरशी थंड पाण्याने ओली केली, दार बंद केलं आणि सैल गुंडाळी कोरड्या स्टुलावर उभी ठेवली. वाफ नाही, पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. हवेतली ओल हळूहळू कागदाच्या तंतूंत मुरते आणि ताण सुटतो. संध्याकाळपर्यंत कडा मऊ पडल्या.

मग टेबलावर टीपकागद, त्यावर पोस्टर, छापील बाजूवर सिलिकॉनचा बेकिंग पेपर (साधा कागद शाईला चिकटू शकतो), पुन्हा टीपकागद, वर प्लायवूड आणि घरातले जाडजूड शब्दकोश. टीपकागद दमट लागले की बदलायचे, ही पायरी मात्र गाळू नये, नाहीतर बुरशी ठरलेलीच. पावसाळ्यात हा उद्योग मी करणार नाही.

एका कोपऱ्याला अजून किंचित बाक आहे. फ्रेममध्ये काच आणि कागद यांच्यात माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घातलंय, त्यामुळे तो काचेला टेकत नाही.