आधी गाव, मग पार्क, मग गाडी: टेक्सासच्या किनाऱ्यावर आरव्हीत हिवाळा काढायला निघालेल्यांसाठी

दर वर्षी दिवाळी झाली की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, ताई आम्ही दोघं पण आता रिटायर झालो, मिशिगनचा बर्फ उपसून कंबर गेली, तुमच्यासारखं आरव्ही (चाकांवरचं घर) घेऊन टेक्सासला यायचा विचार आहे, कुठली गाडी घेऊ? आणि मी दर वेळी तेच सांगते की बाबांनो गाडीचं शेवटी बघा. आपल्या लोकांचं उलटं असतं, आधी शोरूममध्ये जाऊन ३८ फुटी मोटरहोम (स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही) बुक करतात, मग विचारतात पार्किंग कुठे मिळेल. इथे येणारा माणूस गाडी चालवतो चार-पाच दिवस आणि तिच्यात राहतो चार महिने. ही ट्रिप नाही, संसार आहे, त्यामुळे बिऱ्हाड कुठे मांडायचं ते आधी ठरवा.

गावं मुख्य तीन प्रकारची. पोर्ट अरान्सस हे बेटावरचं, समोर खरा समुद्र, वाळूवर गाडी नेता येते, गावात लोक गोल्फ कार्टमधून फिरतात, वातावरण सुट्टीचं आणि भाडंही त्याच हिशोबाने. रॉकपोर्ट-फुल्टन हे खाडीच्या काठावर, लाटा नाहीत पण शांत, पक्षी भरपूर, वाऱ्याने एका बाजूला झुकलेले ओकचे झाड जिथे तिथे, आणि मोठं एच-ई-बी किराणा दुकान गावातच. तिसरं म्हणजे अजून खाली दक्षिणेला रिओ ग्रांदे व्हॅली, मिशन, वेस्लाको, हार्लिंजन वगैरे. तिथे सगळ्यात ऊब, सगळ्यात स्वस्त, आमच्यासारख्या 'विंटर टेक्सन' (उत्तरेतून हिवाळ्यापुरते येणाऱ्या) म्हाताऱ्यांची जत्राच असते, पण समुद्र दारात नाही, साउथ पाद्रे बेटावर गाडी काढून जावं लागतं. आमचं मत विचाराल तर पहिल्या वर्षी रॉकपोर्ट. ज्याला रोज पाय ओले करायचेच आहेत त्याने पोर्ट अरान्ससला जा, नातवंडं भेटायला येणार असतील तर नक्कीच तिथे. डायबेटिस, हार्ट असलं काही मागे लागलं असेल तर मोठी हॉस्पिटलं आणि एअरपोर्ट कॉर्पस क्रिस्टीला आहेत, तिथून किती लांब राहताय ते आधी नकाशात बघून घ्या.

पार्क, म्हणजे आरव्ही लावून राहायची भाड्याची जागा, निवडताना फोनवर विचारायच्या गोष्टी सांगते, कारण वेबसाइटवर फोटो सगळ्यांचेच छान असतात. महिन्याचं भाडं किती आणि वीज त्यात आहे की मीटरप्रमाणे वेगळी (महिन्याच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी वेगळीच असते). साइटला (गाडी लावायच्या जागेला) सांडपाण्याचं कनेक्शन आहे ना. ५५ वर्षांच्या वरच्यांसाठीच आहे का, म्हणजे नातवंडं आठवडाभर राहिली तर चालेल का. आणि जुनी गाडी घेणार असाल तर हे विसरू नका, बऱ्याच पार्कांत दहा वर्षांपेक्षा जुनी आरव्ही घेत नाहीत किंवा आधी फोटो मागतात. स्टेट पार्क स्वस्त आणि सुंदर आहेत, गूज आयलंडला तर हजार वर्षांहून जुना म्हणतात तो ओक आहे, पण तिथे एका वेळी १४ दिवसांची मर्यादा आणि बुकिंग पाच महिने आधी उघडतं, म्हणजे ते चेंज म्हणून ठीक, बिऱ्हाड म्हणून नाही. पाद्रे आयलंड नॅशनल सीशोर हे जवळजवळ ७० मैलांचं मोकळं बेट, तिथल्या मालाकीट कॅम्पग्राउंडला लाइट-पाण्याचं कनेक्शन नाही, ते दोन वर्षं मुरल्यावर करा. ६२ पूर्ण झाली असतील तर नॅशनल पार्कचा सीनियर पास काढून ठेवा, लाइफटाइमचा ८० डॉलर आणि तो ग्रीनकार्डवाल्यांनाही मिळतो, आपल्यातल्या कित्येकांना वाटतं सिटिझनलाच मिळतो.

आता गाडी. पहिल्या हिवाळ्याला मी तर म्हणेन घेऊच नका. पुष्कळ पार्कांत 'पार्क मॉडेल' नावाची छोटी घरं महिन्याने भाड्याने मिळतात, आरव्हीएवढीच जागा, तीच जीवनशैली, तोच शेजार. एक महिना राहा, तुमच्या दोघांचं तेवढ्या जागेत जमतंय का बघा, बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या शेजाऱ्यांच्या गाड्या आतून बघून घ्या, ते आनंदाने दाखवतात आणि त्यातलीच एखादी मार्चमध्ये विकायला निघते. मोठी मोटरहोम गॅलनला आठेक मैल देते, डेट्रॉइटहून इथे साधारण १५०० मैल, म्हणजे एका वेळचं जवळजवळ १९० गॅलन पेट्रोल, आणि इथे आल्यावर दूध आणायला ती नेता येत नाही म्हणून मागे कार ओढत आणायची. त्यापेक्षा पिकअप असेल तर २५-२८ फुटी ट्रेलर (मागे ओढायची बिनइंजिनाची आरव्ही) दोघांना भरपूर. रिव्हर्स घेताना मात्र नवराबायकोची परीक्षा. आमचे हे स्टीयरिंगवर, मी मागे उभी राहून हात हलवतेय, आरशात मी दिसत नाहीये, आणि आजूबाजूचे सगळे बिअर घेऊन खुर्च्या वळवून बघतायत, हा पार्कमधला फुकट तमाशा असतो. हातवारे सोडा, दोघांनी मोबाइलवर कॉल लावा आणि हळू आवाजात 'ड्रायव्हर साइड', 'पॅसेंजर साइड' एवढंच बोला. 'इकडे घे', 'तिकडे घे' म्हटलं की भांडण ठरलेलं.

विजेचं गणित एकदा डोक्यात बसवा कारण आपलं स्वयंपाकघर विजेला जड. ३० अँपची साइट म्हणजे एकूण ३६०० वॅट. इंडक्शन फुल ठेवला की १५ अँप, छोटा हीटर साडेबारा, पाणी गरम करणारा बॉयलर विजेवर असेल तर त्याचे बारा. कुकर लावला, हे आंघोळीला गेले आणि थंडी म्हणून हीटर चालू, संपलं, ब्रेकर उडाला. म्हणून बॉयलर गॅसवर ठेवा किंवा स्वयंपाकाच्या वेळी हीटर बंद. ५० अँपच्या साइटला १२००० वॅट मिळतात, तिथे ही कटकट नाही, पण तुमची गाडी ५० अँपची असली पाहिजे. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा) घेतल्याशिवाय पार्कच्या खांबाला वायर लावूच नका. तसंच पाण्याच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर. फोडणी शक्यतो बाहेर ऑनिंगखाली (गाडीच्या बाजूच्या गुंडाळत्या छताखाली) वेगळ्या शेगडीवर द्या, आत दिली तर स्मोक अलार्म शेजाऱ्यांनाही जेवायला बोलावतो आणि सोड्यांचा वास पडद्यांतून एप्रिलपर्यंत जात नाही.

आता टँक, हा विषय सगळे टाळतात म्हणून सविस्तर लिहिते. संडासचा ब्लॅक टँक आणि मोरी-बेसिनचा ग्रे टँक वेगळे असतात. फुल कनेक्शन आहे म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून बसलात तर पाणी वाहून जातं, घन तेवढं आत साचून दगड होतो, आणि मग तो काढायला माणूस बोलवावा लागतो. व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, दोन-तृतीयांश भरला की सोडायचा, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. ग्रे पण आदल्या दिवसापासून बंद ठेवायचा नाहीतर धुवायला पाणीच उरत नाही. यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, आपली पाण्याची सवय. ब्लॅक टँकला पाणी जितकं जास्त तितकं चांगलं आणि कागद जितका कमी तितका बरा, त्यामुळे हँड स्प्रे बिनधास्त बसवून घ्या, अमेरिकन शेजारीण कागदाचे ब्रँड शोधत फिरते तेव्हा मला मनात हसू येतं. पण तेलकट कढई मात्र सरळ बेसिनमध्ये धुवू नका, आधी कागदाने पुसा, तेल टँकच्या भिंतींना बसलं की वास येतो आणि सेन्सर कायम 'भरला' असं खोटं दाखवत राहतो.

हवेबद्दल लोकांच्या भलत्या कल्पना असतात. इथे फ्लोरिडासारखं रोज पोहायचं नाही. जानेवारीत दुपारी साधारण ६५ फॅरनहाइट, रात्री ४८-५०, आणि मध्येच उत्तरेचं वारं येतं, ज्याला इथे 'नॉर्दर' म्हणतात, सकाळी हाफ पँट आणि संध्याकाळी जॅकेट. वारं येणार असं कळलं की पहिलं काम ऑनिंग गुंडाळणे, झोपायच्या आधी नाही, लगेच. पाणी गोठण्याइतकी थंडी (३२ फॅरनहाइटच्या खाली) पडणार असेल तर नळाची होज काढून आत घ्या, आतली टाकी भरून ठेवा, गॅसचे दोन्ही सिलेंडर भरलेले पाहिजेत. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासभर वीज गेली होती तेव्हा ज्यांच्याकडे गॅस आणि चार्ज केलेली बॅटरी होती त्यांची फर्नेस (गॅसवरची शेगडीवजा ऊब देणारी भट्टी) चालली (फर्नेसचा पंखा बॅटरीवर चालतो), ज्यांचा भरवसा फक्त इलेक्ट्रिक हीटरवर ते रजया घेऊन बसले. समुद्राची हजारो कासवं तेव्हा थंडीने बधिर झाली होती, साउथ पाद्रेच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये फरशीवर ओळीने मांडून वाचवली लोकांनी. एरवी हवा दमट, खारी. छोटा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) घ्या नाहीतर गादीखाली बुरशी येते, गाडीचं बूड महिन्याला गोड्या पाण्याने धुवा, आणि पापड-कुरडया वाळवायचे मनसुबे असतील तर ते सोडा.

हरिकेनचा सीझन जून ते नोव्हेंबर, त्यामुळे हिवाळ्यात भीती नाही. पण परतताना गाडी इथेच ठेवून विमानाने जायचं काही जण सुचवतात, ते किनाऱ्यावर करू नका. २०१७ साली ऑगस्टमध्ये हार्वी नावाचं हरिकेन रॉकपोर्टलाच येऊन आदळलं होतं, कॅटेगरी चारचं. ठेवायचीच तर आत सॅन अँटोनिओकडे स्टोरेज बघा आणि इन्शुरन्सवाल्याला आधी विचारा.

कागदपत्रांचं थोडक्यात. ओरिजिनल मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर इथे मेडिकेअर घेणारा कुठलाही डॉक्टर चालतो, पण अॅडव्हान्टेज प्लॅन (तोच विमा खासगी कंपनीमार्फत) असेल तर त्याचं डॉक्टरांचं नेटवर्क तुमच्या घराच्या भागापुरतं असू शकतं, इमर्जन्सी सोडून बाकी काय मिळेल ते निघायच्या आधी फोन करून विचारा. औषधं ९० दिवसांची घेऊन या. कॅनडातून येणाऱ्यांनी दोन वेगवेगळे हिशोब ठेवायचे, ओंटारियोचं ओहिप (प्रांताचा आरोग्य विमा) टिकवायला १२ महिन्यांत २१२ दिवसांच्या वर प्रांताबाहेर राहता येत नाही, आणि अमेरिकेचे सहा महिन्यांचे नियम वेगळे, टॅक्सचे अजून वेगळे, शिवाय ट्रॅव्हल इन्शुरन्स न घेता यायचंच नाही. व्हॅलीत राहणारे दात करायला पायी पूल ओलांडून मेक्सिकोत नुएव्हो प्रोग्रेसोला जातात, आपल्यातले पण जातात, भारतीय पासपोर्टवाल्यांनी पासपोर्टबरोबर ग्रीनकार्डही जवळ ठेवायचं, झेरॉक्स नव्हे.

किराणा ह्यूस्टनलाच भरा. येताना वाटेवर लागतंच, हिलक्रॉफ्टला (तिथला देशी दुकानांचा रस्ता) गाडी पार्क करायला त्रास होतो म्हणून ट्रेलर शहराबाहेर कुठेतरी एक रात्र टेकवा आणि पिकअप घेऊन जा, पिअरलंडचं मीनाक्षी मंदिरही त्याच फेरीत होतं. ज्वारीचं पीठ, पोहे, गोडा मसाला, कोकम पुरेसं आणा कारण खाली काही मिळेल याची खात्री नाही. कोथिंबीर, मिरच्या, कैऱ्या, चिंच याची मात्र चिंता नको, मेक्सिकन लोकांचं आणि आपलं मंडईत एकच असतं.

आणि मासे! मी रत्नागिरीची, त्यामुळे इथे मला थोडं लांबण लावू द्या. कोळंबी थेट बोटीवाल्याकडून घ्यायची, डोक्यासकट. लायसन्स काढलं (बाहेरच्या राज्यातल्याचं वेगळं आणि महाग असतं, त्यात खाऱ्या पाण्याचा शिक्का हवाच) की धक्क्यावरून गळ टाकता येतो. रेडफिश २० ते २८ इंचांमध्येच ठेवायचा, लहान-मोठा परत पाण्यात, मोजपट्टी जवळ ठेवा, वॉर्डन (सरकारी तपासनीस) खरंच येऊन मोजतो. पॉम्पानो लागला तर पापलेटवाल्यांची सोय झाली. पण खरी गंमत म्हणजे बोय. इथले लोक मलेट म्हणतात आणि चक्क गळाला आमिष म्हणून तुकडे करून लावतात. आमच्या धक्क्यावरचा एक म्हातारा टेक्सन मला रोज विचारायचा, हे तुम्ही खाता? एकदा तिरफळ घालून कालवण आणि भात डब्यात दिला, दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत आणि आत दोन बोय. वाळूत निळा फुगवलेल्या फुग्यासारखा प्राणी पडलेला दिसला तर मेलेला वाटला तरी हात लावू नका, जुहूला पावसाळ्यात येतात तसलेच ब्लूबॉटल, नातवंडांना आधी हेच सांगा.

करमणुकीची काळजी नको. पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण), डॉमिनोजचे डाव, गाणी-बजावणी रोजच असतं, साबुदाणा वडे न्या, तुमचं नाव होतं. मात्र दोघांनी वेगवेगळं काहीतरी धरा, हे गळ घेऊन धक्क्यावर आणि मी रजयांच्या क्लासला, चोवीस तास त्या डब्यात समोरासमोर बसलात तर ३५ वर्षांचा संसार ख्रिसमसपर्यंत टिकणार नाही. फुल्टनहून बोटी निघतात त्यातून व्हूपिंग क्रेन बघाच, माणसाच्या छातीपेक्षा उंच पांढरे पक्षी, कॅनडाच्या वुड बफेलो नॅशनल पार्कपासून अडीच हजार मैल उडत दर हिवाळ्याला इथेच येतात. १९४०च्या सुमाराला इथे पंधराच्या आसपास उरले होते, आता पाचशेच्या वर आहेत.

परत निघायचं ते मार्चच्या स्प्रिंग ब्रेकच्या (कॉलेजांच्या सुट्टीच्या) आधी, नाहीतर पोर्ट अरान्ससच्या फेरीबोटीला रांगेत तासन्‌तास (फेरी फुकट आहे, रात्रंदिवस चालते, पण कॉलेजची पोरं आली की विचारू नका, तेव्हा कॉर्पसच्या पुलावरून या-जा करा). पण मिशिगनला अजून गोठत असतं हे लक्षात ठेवा, वाटेत आर्कान्सॉच्या पुढे थंडी दिसली तर पाइपांत परत गुलाबी अँटिफ्रीझ (पाइप गोठून फुटू नयेत म्हणून घालतात ते) भरून मगच वर जायचं आणि तोवर मोटेलात राहायचं. आणि पार्कच्या ऑफिसात पुढच्या वर्षीच्या साइटचं डिपॉझिट निघायच्या आदल्या आठवड्यात भरून टाका, नंतर फोनवर करू म्हणाल तर कोपऱ्यावरची सावलीची जागा मिनेसोटावाले घेऊन गेलेले असतात.