एकाच मळ्याची कॉफी निवडताना

पणजी किंवा मडगावच्या दुकानात एकाच मळ्याच्या कॉफीचे पाकीट हाती घेतल्यावर मळ्याचे नाव, गाव, वाण, प्रक्रिया (फळातून बी काढून वाळवण्याची पद्धत) आणि भाजणीची तारीख प्रथम वाचावी. कोडगू, चिकमगळूर व अराकू येथील अरेबिका या कॉफीच्या जातीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी त्यावरून प्रदेश कळतो, शेतकरी नव्हे. शिवाय एकच मळा म्हणजे लहान शेतकरी असे नाही. कॉफी बोर्ड १० हेक्टरपर्यंतची लागवड लहान मानते, आणि शेकडो एकरांच्या मळ्याची कॉफीही ‘एकाच मळ्याची’ म्हणूनच विकली जाते. म्हणून विक्रेत्याला मळ्याचे क्षेत्र विचारावे आणि माल थेट घेतला का, शेतकऱ्याला किलोमागे काय दर दिला, हेही निःसंकोच विचारावे. केवळ पिकलेली लाल फळे निवडायची तर एकाच झाडावर अनेकदा तोडणी करावी लागते आणि मजुरी वाढते. ती मजुरी दरात उतरली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

गोव्याच्या पावसाळी दमटपणात २५० ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये. अख्ख्या बिया हवाबंद डब्यात ठेवून ऐन वेळी दळाव्यात आणि आवडलेल्या मळ्याची कॉफी पुढच्या हंगामातही मागवावी.