बांध आखण्याआधी: पूरनियंत्रणाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगलीत कृष्णेचा पूर आयर्विन पुलाजवळच्या पातळीवरून ओळखतात. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून मी पूरसर्वेक्षणाच्या कामात आलो, तेव्हा मला दोनच उपाय दिसत होते: काठाने मातीचा उंच बांध आणि पात्रातील गाळाचा उपसा.

बांधाचा माझा पहिला आराखडा वरिष्ठांनी परत केला आणि ते मला एका नाल्याच्या तोंडाशी घेऊन गेले. नदी चढली की पाणी काठ ओलांडण्याआधी नाल्यातून उलटे वस्तीत शिरते. तिथे दार बसवून ते बंद केले, तर गावात पडणारा पाऊस आतच तुंबतो. म्हणून पंप लागतात, पंपांना अखंड वीज लागते आणि मध्यरात्री दार बंद करणारा माणूस नेमावा लागतो. माझ्या आराखड्यात बांधाची उंची होती, यांपैकी काहीच नव्हते. शिवाय केवळ सांगलीच्या बाजूला बांध घातला, तर पाण्याला पसरायला जागा कमी पडून समोरच्या सांगलवाडीची पातळी वाढू शकते, हेही तेव्हाच उमगले.

गाळाबाबत लोकांची अपेक्षा मोठी असते आणि त्यांची कळकळ खरी असते. पुलाच्या गाळ्यांत साचलेला भराव जरूर काढावा. परंतु खाली हरिपूरजवळ वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. त्या दुथडी भरलेल्या असताना कृष्णेचे पाणी तुंबून मागे फुगवटा येतो आणि सांगलीपुरते खोदलेले पात्र त्या फुगवट्यानेच भरून जाते. म्हणून नदीचे छेद (पात्राची रुंदी व खोली दाखवणारी आडवी मोजणी) शहराच्या हद्दीत न थांबवता संगमांच्या खालपर्यंत घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

नवख्याने लेव्हलिंग, म्हणजे जमिनीच्या उंचसखलपणाची मोजणी, हाताने शिकावे, पात्रातील पाण्याचा वेग काढण्याचे मॅनिंगचे सूत्र पक्के करावे, नदीतील पाण्याची पातळी गणिताने काढणारी हेक-रास ही मोफत संगणकप्रणाली त्यानंतर उघडावी. नकाशावर पुराच्या पाण्याची हद्द दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेचा अर्थ समजून घ्यावा. भिंतींवरच्या २००५, २०१९ व २०२१ च्या पुराच्या खुणा घरमालकांना विचारून मोजाव्यात. गणिताने काढलेली पातळी त्या खुणांशी जुळत नसेल, तर आधी स्वतःचे गणित तपासावे. बांधातील प्रत्येक दार मे महिन्यात स्वतः उभे राहून पूर्ण बंद करून पाहावे आणि कुठे कचरा अडकतो, कुठे गंज धरला आहे, ते जागेवरच वहीत नोंदवावे.