इंकजेटवर पॉझिटिव्ह काढताना झालेली फजिती

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका तालमीच्या फुटबॉल टीमचे टी-शर्ट स्क्रीन प्रिंटिंगनं छापायचे होते, फोटो चार रंगांत. पॉझिटिव्ह, म्हणजे जाळीवर चित्र उमटवायच्या पारदर्शक फिल्म, घरच्याच इंकजेटवर काढल्या. दिसायला झकास, पण भिंगाखाली बघितलं तर गोल ठिपक्यांऐवजी नुसती रांगोळी विस्कटलेली. फ्रेमच्या जाळीवर निम्मे ठिपके उमटलेच नाहीत. मी उगाच इमल्शनला, म्हणजे जाळीवरच्या प्रकाशसंवेदी लेपाला, शिव्या घालत बसलो.

खरी गोची अशी, की करडा रंग दिला की प्रिंटरचा ड्रायव्हर स्वतःच्या मनानं बारीक ठिपके पाडतो. त्याला करडं काही द्यायचंच नाही. फोटोशॉपमध्ये प्रत्येक चॅनेल वेगळा केला, ग्रेस्केलवरून बिटमॅप (नुसतं काळं-पांढरं): ७२० डीपीआय, हाफटोन स्क्रीन (करड्याऐवजी लहान-मोठे ठिपके), इंचाला ४५ लाइन म्हणजे ठिपक्यांच्या ओळी, लंबगोल ठिपका. ओळींचे कोन सायन २२.५, मॅजेंटा ८२.५, पिवळा ७.५, काळा ५२.५. ४५ आणि ९० ठेवले की जाळीच्या धाग्यांशी भांडण होऊन मोआरे (नको असलेली लहरी नक्षी) पडतो. माझा एक शर्ट त्यातच गेला. जाळी सेंटिमीटरला ९० धाग्यांची, म्हणजे इंचाला साधारण २३०, लाइनच्या पाचपट. प्रिंट १०० टक्केच, 'फिट टू पेज' बंद.

आणि जुलैतला कोल्हापूरचा पाऊस! फिल्मवरची शाई वाळेचना. शेवटी हेअर ड्रायर. बायकोचाच.