रान साफ करायला ट्रॅक लोडर लावताय? इंजिनच्या एचपीआधी ऑइलचा फ्लो विचारा

पाऊस तोंडावर आला की पडीक रानातली झुडपं काढायची सगळ्यांनाच घाई होते आणि त्या घाईत ट्रॅक लोडर (चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारं, पुढे वेगवेगळी अवजारं लावता येणारं मशीन) ठरवताना बहुतेक जण एकच विचारतात, मशीन किती एचपीचं आहे. मी पण तेवढंच विचारलं होतं. ७५ एचपीचं मशीन, त्याला ड्रम मल्चर (दात असलेला ड्रम फिरवून झुडपांचा भुसा करणारं अवजार) लावला, मनगटाएवढी ओली झुडपं होती तोवर मस्त चाललं, पण मांडीएवढं वाळकं खोड लागलं की ड्रम गपकन थांबायचा. मग मागे घ्या, ड्रम परत स्पीड धरेपर्यंत थांबा, परत पुढे. तासाभरात ऑइल टेंपरेचरचा लाल दिवा लागला आणि संध्याकाळपर्यंत ठरवलेल्याच्या निम्मं रानसुद्धा झालं नाही. मशीनमध्ये बिघाड नव्हता, मल्चरमध्येही नव्हता, त्या दोघांचं एकमेकांशी जुळतच नव्हतं.

इंजिनचे एचपी थेट मल्चरला मिळत नाहीत. इंजिन पंप फिरवतं, पंप हायड्रॉलिक ऑइल ढकलतो आणि त्या ऑइलवर मल्चरची मोटर फिरते. त्यामुळे मल्चरला किती ताकद मिळणार हे दोन आकड्यांवर ठरतं, मिनिटाला किती लिटर ऑइल येतं आणि किती प्रेशरने येतं (प्रेशर बारमध्ये मोजतात). हिशोब सोपा आहे, लिटर गुणिले बार भागिले ६०० केलं की किलोवॅट निघतात, त्याला १.३४ ने गुणलं की एचपी. माझं मशीन ८५ लिटर आणि २१० बारचं होतं, म्हणजे साधारण ३० किलोवॅट, ४० एचपी. इंजिन ७५ चं, मल्चरपर्यंत कागदावर ४०, आणि पाइप, कपलर (पाइप जोडायची तोंडं), मोटर यांच्यातली तूट धरली तर त्याहून कमीच. हाय फ्लो, म्हणजे जास्त ऑइल देणारं, मशीन १५० लिटर आणि २७० बार देत असेल तर हाच हिशोब साडेसदुसष्ट किलोवॅटवर जातो, म्हणजे ९० एचपी. बाहेरून दोन्ही मशीन सारखीच दिसतात बरं का.

फ्लो म्हणजे स्पीड आणि प्रेशर म्हणजे जोर, एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळत जातं. समजा मल्चरची मोटर एका फेऱ्याला १०० सीसी ऑइल पिते आणि ड्रम थेट तिच्यावरच बसवलाय. १५० लिटर मिळालं तर १५०० आरपीएम, ८५ लिटर मिळालं तर ८५०. तुम्ही म्हणाल थोडं हळू फिरेल, काय बिघडलं? पण फिरणाऱ्या ड्रममध्ये साठलेला जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८५० वर तो १५०० च्या मानाने जेमतेम एक तृतीयांश राहतो. खोड फुटतं ते त्या साठलेल्या जोरावर, मोटर फक्त तो परत परत भरून देते. म्हणून ड्रम हळू असला की पहिल्याच दणक्याला बसतो.

आणि ड्रम बसला की ऑइल जातं कुठं? प्रेशर चढतं, रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर फार वाढलं की ऑइलला वाट देणारी झडप) उघडतो आणि ऑइल काहीही काम न करता टाकीत परत येतं. ते ३० किलोवॅट मग सगळेच्या सगळे उष्णतेत जातात, टाकीत ३० किलोवॅटचा हीटर सोडल्यासारखं. ऑइल ८२ डिग्रीच्या वर गेलं की बहुतेक सील कडक व्हायला लागतात, ऑइल पातळ होतं, पातळ झालं की पंप आणि मोटरमधली आतली गळती वाढते, ताकद आणखी कमी आणि ड्रम आणखी लवकर बसतो. दुपारनंतर मशीन मरगळलंय असं ऑपरेटर म्हणतो ना, ते बहुतेक वेळा हेच असतं.

त्यामुळे मशीन ठरवताना तीन गोष्टी विचारा, मिनिटाला किती लिटर, किती बार, आणि मल्चरच्या प्लेटवर किती मागितलंय. स्टँडर्ड फ्लो साधारण ६५ ते ९५ लिटर असतो, हाय फ्लो ११५ च्या पुढे. जुनं मशीन असेल तर पुस्तकातल्या आकड्यावर जाऊ नका, ऑइल गरम झाल्यावर फ्लो मीटर लावून लोडवर बघायला सांगा, कारण घासलेला पंप थंड असताना चांगला वाटतो आणि गरम झाला की पडतो. उलटी चूक पण करू नका, कमी फ्लोचा ब्रश कटर (पातं फिरवून झुडपं कापणारं अवजार) हाय फ्लोवर चालवला तर पातं ठरलेल्या स्पीडच्या वर जातं आणि ते फार धोक्याचं आहे, मोटरचं नुकसान होतं ते वेगळंच.

स्टँडर्ड फ्लोचंच मशीन हाताशी असेल तर खचू नका, फक्त मल्चरचा हट्ट सोडा. रोटरी ब्रश कटर त्या फ्लोवर गवत आणि ३ इंचापर्यंतची झुडपं आरामात कापतो. जाड खोडांना ट्री शिअर, म्हणजे खोड कापणारी मोठी कात्री, त्याला सतत फ्लो लागत नाही, सिलिंडरला प्रेशर मिळालं की बास. ग्रॅपलचंही (फांद्या, ओंडके पकडणारा पंजा) तसंच, पकडायला आणि सोडायला कितीसं ऑइल लागतं! दोन-तीन टप्प्यांत काम करावं लागेल पण मशीन तापणार नाही आणि माझ्या मते लहान रानाला हेच बरं पडतं.

मल्चरच लावायचा असेल तर चालवायची पद्धत महत्त्वाची. इंजिन फुल थ्रॉटलवर, ड्रम पूर्ण स्पीडला आल्याशिवाय लाकडाला लावायचा नाही. मल्चरवर प्रेशर गेज असतो, ऑपरेटरची एक नजर त्याच्यावर पाहिजे, काटा रिलीफच्या जवळ जायला लागला की पुढं रेटणं थांबवायचं आणि ड्रमला सावरू द्यायचं. अनुभवी माणूस आवाजावरूनच ओळखतो, घुंईंईं असा सूर खाली उतरायला लागला की तो हात ढिला करतो. रेटण्यात अजून एक तोटा आहे, ट्रॅक फिरवणारे पंपही त्याच इंजिनवर असतात, जितकं पुढं रेटाल तितकं मल्चरच्या वाट्याचं कमी होतं. आणि दातांना धार नसेल तर वरचे सगळे हिशोब वाया, बोथट दात लाकूड कापत नाहीत, नुसते बडवतात.

आता पाइप जोडताना. मल्चरला दोन जाड पाइप असतात आणि एक बारीक तिसरा, त्याला केस ड्रेन म्हणतात. मोटरच्या आत जे थोडं ऑइल झिरपतं ते त्या बारीक पाइपातून कमी प्रेशरने टाकीत परत जातं. तो जोडायचा राहिला किंवा कपलर अर्धवट बसला तर मोटरच्या पोटात प्रेशर साठतं आणि शाफ्टचं सील उडतं. आमच्या रानात हे झालंय, मल्चर चालू करून मिनिटही झालं नसेल आणि शाफ्टच्या बाजूने ऑइलची धार लागली, ड्रमवरचा भुसा काळा चिकट झाला आणि ऐन हंगामात मोटर खोलावी लागली. तेव्हापासून नियम एकच, केस ड्रेन सगळ्यात आधी जोडायचा आणि सगळ्यात शेवटी काढायचा.

उन्हात पडलेल्या अटॅचमेंटच्या पाइपात ऑइल फुगून प्रेशर चढतं आणि कपलर बसतच नाही, मग लोक हातोडी घेतात. कृपा करून हातोडी घेऊ नका. पुस्तकात दिलंय तसं प्रेशर सोडा, अटॅचमेंट सावलीत ठेवा, कपलरचं तोंड स्वच्छ फडक्याने पुसा आणि मगच जोडा, कारण त्या तोंडावरची चिमूटभर माती थेट व्हॉल्व्हपर्यंत जाते.

पाइपातून बारीक फवारा येतोय असं वाटलं तर हात लावून बघायचं नाही, अजिबात नाही. २०० बारचं ऑइल हातमोज्यातूनही कातडीखाली घुसतं, बाहेरून सुई टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फार, आणि आत मांस मरायला लागतं. इंजिन बंद करून प्रेशर सोडा, लांबूनच तपासायचं असेल तर पुठ्ठा धरा. आणि घुसलंच तर छोटंसं आहे म्हणून घरी बसू नका, लगेच दवाखान्यात जा आणि हायड्रॉलिक ऑइल प्रेशरने आत गेलंय हे स्पष्ट सांगा, ऑपरेशनला काही तासांचा उशीरही बोट घालवू शकतो.

काम चालू असताना माणसं, पोरं, जनावरं १०० मीटरच्या आत नकोत. लाकडाचा तुकडा, दगड, तारेचा तुकडा, ड्रम काय फेकेल सांगता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी रान चालत फिरून जुनं कुंपण, तार, लोखंड काढून घ्या.

वेळेचं म्हणाल तर जमीन कोरडी असताना झुडपं कापा. ओल्यात ट्रॅक वळताना मातीचे लगदे होतात आणि ती जागा पुढं पीक धरत नाही. उताराच्या रानात मात्र मोठ्या पावसाच्या तोंडावर मुळासकट उपटू नका, वरून कापा, मुळं मातीत राहू द्या आणि भुश्याचा पातळ थर तसाच पसरून ठेवा, माती वाहून जाणार नाही. तो भुसा लगेच नांगरून आत गाडू नका, लाकूड कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतं आणि पहिलं पीक पिवळं पडतं.

कोरड्या दिवसात सगळ्यात जास्त भीती आगीची. भुसा रेडिएटर आणि ऑइल कूलरच्या जाळीत भरतो, खाली पोटात साठतो. दिवसातून दोन-तीनदा हवा मारून काढा, धूळ जास्त असेल तर आणखी वेळा, अग्निशामक सिलिंडर केबिनमध्येच असू द्या. आणि संध्याकाळी इंजिन बंद केलं की लगेच निघून जाऊ नका, पंखा थांबल्यावर सायलेन्सरजवळची उष्णता तिथेच कोंडते आणि साठलेला भुसा तेव्हाच धुमसायला लागतो. मी मशीन गवतापासून लांब उघड्या मातीवर लावतो, पोटातला भुसा काढतो आणि अर्धा तास तिथंच थांबून वास घेत बसतो.